विद्यापीठाकडे जाणारा रस्ता

मागच्या जूनमधली गोष्ट. कोंढव्याला आपाकडे जेवायला गेलो होतो. भाची बारावी झाली होती, मार्क चांगले पडले होते आणि शिवाजीनगरच्या पलीकडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्राला तिचं नाव लागलं होतं. बिर्याणी त्याच खुशीत केलेली. पण दस्तरख्वानावर माहोल असा, की घरात कुणी नापास झालंय. दुल्हेभाई मान खाली घालून जेवत होते. शेवटी आपानंच विषय काढला. फीची सोय झाली होती, पुस्तकांची होणार होती. घोडं अडलं होतं ते भलत्याच ठिकाणी.

“जाएगी कैसी?” दुल्हेभाई म्हणाले. “दो बसां बदलना पडता. शाम को लौटते लौटते अंधेरा.”

कॅम्पात एक कॉलेज जवळ होतं. तिथं हा विषय नव्हता, पण रिक्षा दारातून मिळत होती. रात्री दहापर्यंत बोलणं या दोन टोकांमध्येच फिरत राहिलं. भाची सगळ्यात शेवटी एकच वाक्य बोलली, “मामू, तुमे कैसे जाते थे?”

मी पायी जायचो. नंतर सायकलीनं. एवढंच उत्तर देऊन मी निघालो, पण तिचा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. ‘शिकायला कसं जायचं’ हा प्रश्न आपण फार किरकोळ समजतो. शिक्षणाच्या इतिहासात शाळा कुणी काढली, देणगी कुणी दिली, पहिला पदवीधर कोण, हे सगळं येतं. विद्यार्थी घरातून निघून वर्गापर्यंत कसा पोचला, हे मात्र सहसा येत नाही. पुण्याचा शैक्षणिक इतिहास या एका प्रश्नातून वाचून पाहिला, तर तो बराच वेगळा दिसतो.

आधी माझंच सांगतो. मराठवाड्यातून विद्यापीठात आलो तेव्हा शिवाजीनगर स्टँडवर उतरून बॅग खांद्यावर टाकली आणि चालत निघालो. बसचे पैसे वाचवायचे होते, दुसरं काही कारण नव्हतं. सिमला ऑफिसचा मनोरा, कृषी महाविद्यालयाची हिरवी शेतं, मग चढाचा रस्ता आणि शेवटी वडांच्या सावलीतलं ते मोठं फाटक. तीन-साडेतीन किलोमीटर अंतर असेल. पहिले काही महिने वाईट गेले. हॉस्टेलवर माझ्या बोलण्याला हसायचे. मराठी बोललो तर त्यात दखनीचा हेल, आणि हिंदी बोललो तर तीही त्यांच्या कानाला वेगळीच. वर्गात प्रश्न विचारायची हिंमत होत नसे. जेवणाची वासना गेली होती. आज त्याला काही नाव देतील, तेव्हा आम्ही ‘करमत नाही’ म्हणायचो.

त्या दिवसांत मला चालण्यानं सावरलं असं मी म्हणालो, तर कुणाला ते अतिशयोक्तीचं वाटेल. पण झालं तसंच. संध्याकाळी एका ठिकाणी हिशेब लिहायचं काम धरलं होतं, त्यासाठी रोज शहरात जाऊन परत यायचो. जाताना दिवसभराचा अपमान डोक्यात गरगरत असायचा. परतताना कृषी महाविद्यालयाच्या शेतांपाशी ओल्या मातीचा वास यायचा आणि तिथून पुढं डोकं आपोआप दुसऱ्या विषयाकडं वळायचं. सेमिनारचा पहिला निबंध मी कागदावर नंतर लिहिला, आधी तो त्या रस्त्यावर रचला. पुढं जुन्या बाजारातून एक काळी, बावीस इंची सायकल घेतली. तिला चेनकव्हर नव्हतं, घोडा वाकडा होता आणि मागचा मडगार्ड खडखडायचा. पण ती आल्यापासून पुणं माझं झालं. कसबा, रविवार पेठ, कॅम्पातली इराणी हॉटेलं, भवानी पेठेतल्या नात्यातल्या चाचींचं घर, सगळं अर्ध्या तासावर आलं.

ज्या रस्त्यानं मी जायचो, तो मुळात माझ्यासारख्यासाठी बांधलेला नव्हता. १८६० च्या दशकात सर बार्टल फ्रेअर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना गणेशखिंडीत गव्हर्नरसाहेबांच्या पावसाळी मुक्कामाचा वाडा उभा राहू लागला. आज विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून आपण जिचे फोटो काढतो, ती हीच. गणेशखिंड रस्ता त्या वाड्याकडे जाणाऱ्या बग्ग्यांचा रस्ता होता. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ त्याच वाड्यात झाला. तिथून बग्गीत बसून परतणाऱ्या रँड आणि आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर चापेकर बंधूंनी याच रस्त्यावर गोळ्या झाडल्या. प्लेगच्या नावाखाली रँडनं पुण्यात घरोघरी जो जुलूम चालवला होता, त्याचा तो बदला. शालेय पुस्तकातून आपल्याला हा रस्ता माहीत असतो तो एवढाच.

मग १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. चारशे एकरांहून मोठा तो गव्हर्नरचा परिसर विद्यापीठाला मिळाला. ज्या फाटकातून साहेबांच्या बग्ग्या जायच्या, त्यातून धोतर-पायजम्यातली, कॅरिअरला वह्या अडकवलेली पोरं आत जाऊ लागली. स्वातंत्र्याचा अर्थ काय, असं कुणी विचारलं तर मी हे चित्र दाखवीन. ताजमहालाच्या उंचीची नसली तरी त्या वाड्याची ऐट मोठी आहे, आणि तिथं पायी शिरणं यात काहीतरी वसूल झाल्यासारखं वाटतं. मला तरी वाटायचं.

२०१४ मध्ये या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं गेलं. नामांतराच्या वेळी भाषणं पुष्कळ झाली असतील. माझ्या दृष्टीनं त्यातली सगळ्यात समर्पक बाब ही, की सावित्रीबाईंचा पहिला लढा वर्गाबाहेर, रस्त्यावर होता. १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्या शाळेकडे चालत जाणाऱ्या या बाईच्या अंगावर शेण आणि दगड पडायचे आणि शाळेत गेल्यावर नेसायला त्या एक जास्तीचं लुगडं बरोबर ठेवायच्या, ही आठवण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शिकवण्याला विरोध करणारे वर्गात घुसले नाहीत, त्यांनी वाट अडवली. बाईनं घराबाहेर पडून, दिवसाढवळ्या, चारचौघांच्या देखत शिकण्या-शिकवण्यासाठी चालत जाणं हेच त्यांना सहन होत नव्हतं. १० ऑक्टोबर १८५६ ला सावित्रीबाईंनी माहेराहून जोतीरावांना जे पत्र लिहिलं, त्यात फातिमाचा उल्लेख येतो. त्या गैरहजर असताना कामाचा भार फातिमावर पडला असणार याची काळजी त्यात आहे. फातिमा शेख यांच्याविषयी अलीकडे बराच धुरळा उडाला. तो वाद इथं नको. पण त्या पत्रातली फातिमाही रोज घरातून निघून शाळेपर्यंत चालतच जात असणार, एवढं माझ्या भाचीला सांगायला हरकत नाही.

धोंडो केशव कर्व्यांचं आयुष्य तर चालण्यातच गेलं म्हणावं लागेल. कोकणातल्या मुरूडहून १८७५ मध्ये परीक्षेला बसण्यासाठी ते सोबत्यांबरोबर साताऱ्याला चालत गेले. पावसात, कुंभार्ली घाट ओलांडून, शंभराहून अधिक मैल. तिथं पोचल्यावर साहेबानं त्यांच्याकडं पाहिलं आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. पुढं हेच कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. विधवांसाठी काढलेला आश्रम त्यांनी १९०० मध्ये शहराबाहेर हिंगण्याला हलवला. दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवायचं आणि संध्याकाळी सामान खांद्यावर घेऊन, चिखल तुडवत हिंगण्याला जायचं, असा त्यांचा क्रम होता. अंतर चारेक मैल. १९१६ मध्ये भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू झालं ते तिथंच. आज कर्वे रस्त्यावर वाहनं तुंबलेली असताना ही गोष्ट आठवली की हसू येतं. चालणाऱ्या माणसाचं नाव दिलेल्या रस्त्यावर फूटपाथ शोधावा लागतो.

कर्व्यांच्या कहाणीत एक अवघड गोष्ट आहे, ती झाकून चालणार नाही. चालत होते ते कर्वे. मुली आश्रमातच राहत. त्या काळी मुलीला शिकवायचं तर तिला शिक्षणाजवळ नेऊन ठेवणं हाच उपाय होता, कारण घर आणि शाळा यांच्यामधला रस्ता तिचा नव्हता. आपल्या समाजात आजही मुलींसाठी निवासी शाळा, निवासी मदरसे जास्त चालतात, त्यामागंही निम्मं कारण तेच आहे. आपण त्याला मजहबी कारण समजतो, आणि बाहेरचेही तसंच समजतात.

हा पेच सोडवायला एक यंत्र आलं. फर्ग्युसन कॉलेज २ जानेवारी १८८५ ला सुरू झालं आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्लीनं ‘रोव्हर’ नावाची सायकल बाजारात आणली. दोन सारखी चाकं, मधे पायडल, साखळीनं फिरणारं मागचं चाक. आज आपण चालवतो ती सायकल मुळात हीच. तीन वर्षांनी डनलॉपनं हवेचा टायर काढला आणि हाडं खिळखिळी होणं थांबलं. पण हे यंत्र बाईच्या हाती गेलं तेव्हा काय झालं? त्यासाठी थोडं केंब्रिजला जाऊ. केंब्रिजचं निमित्तही पुणेरीच आहे, कारण पुढं फर्ग्युसनचे प्राचार्य झालेले रँग्लर परांजपे तेव्हा तिथं शिकत होते. मे १८९७ मध्ये, म्हणजे गणेशखिंडीतल्या गोळीबाराच्या महिनाभर आधी, बायकांना केंब्रिजची पूर्ण पदवी द्यावी की नाही यावर मतदान झालं. त्या दिवशी पुरुष विद्यार्थ्यांनी सिनेट हाऊससमोर एक पुतळा टांगला. पदवीला विरोध दाखवायचा होता, तेव्हा झगा घातलेली, हातात पुस्तक घेतलेली बाई त्यांना सुचली नाही. त्यांनी सायकलवर बसलेली बाई टांगली. ठराव पडल्यावर पुतळा खाली ओढून, त्याची मोडतोड करून तो मुलींच्या न्यूनम कॉलेजच्या फाटकात कोंबला. तिथं बायकांना पूर्ण पदवी मिळायला १९४८ साल उजाडलं. पुण्यात शेण पडलं, केंब्रिजात पुतळा टांगला. राग एकाच गोष्टीचा होता.

पुण्यात सायकल आधी साहेबांकडे आली, मग वकील-डॉक्टरांकडे, मग मास्तर-कारकुनांकडे. स्वातंत्र्यानंतर मात्र चित्र झपाट्यानं बदललं. आसनसोल, मद्रास, सोनीपत, लुधियाना इथं सायकली बनू लागल्या आणि विलायती रॅले-हर्क्युलिसची वाट पाहायची गरज उरली नाही. पुण्याची रचनाही सायकलीला पोषक होती. मुठेच्या एका काठाला पेठा आणि दुसऱ्या काठाला कॉलेजं, मधे दोन-तीन पूल. एस. पी. पेठांना लागून, फर्ग्युसन, लॉ कॉलेज, बीएमसीसी, गोखले इन्स्टिट्यूट डेक्कनच्या बाजूला. कुठूनही कुठं जायला पाऊण तासाच्या वर लागू नये. सपाट रस्ते, डोक्यावर झाडं, हवा बरी. पुण्याला ‘सायकलींचं शहर’ म्हणू लागले ते याच काळात.

त्या काळातल्या लोकांकडून ऐकलेल्या गोष्टी मला फार आवडतात. नगरपालिकेचा बिल्ला लावलेली सायकल. रात्री दिवा नसला की चौकातला पोलीस चाकातली हवा सोडायचा. डबलसीट पकडलं तर मागच्यानं उडी मारून पळायचं आणि पुढच्यानं “मी एकटाच होतो” म्हणायचं. तासावर सायकल भाड्यानं देणारी दुकानं, आणि तिथं दांडीखालून पाय घालून कैचीवर शिकणारी पोरं. कॉलेजच्या स्टँडवर पाचशे काळ्या सायकलींतून आपली कशी ओळखायची, याच्या प्रत्येकाच्या युक्त्या. कुणी सीटला लाल फडकं बांधायचं, कुणी हँडलला. नाना पेठ, भवानी पेठेतली सायकल-दुरुस्तीची दुकानं बऱ्याच प्रमाणात आपल्या लोकांची होती. पंक्चर काढणारा म्हणजे मुसलमान, हा आज शिवी म्हणून वापरला जाणारा शब्दप्रयोग आहे. मला त्यात शिवीसारखं काही दिसत नाही. या शहरातल्या किती पदव्या त्या पाण्याच्या घमेल्यातून आणि सोल्युशनच्या ट्यूबमधून निघाल्या असतील, त्याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

सायकल चालवताना श्रीमंत-गरीब फारसं कळत नसे. प्राध्यापकही सायकलीवर, शिपाईही. आणि ती मुलींपर्यंतही पोचली. दांडी नसलेली लेडीज सायकल, चेनकव्हर आणि मागच्या चाकाला साडी-ओढणी अडकू नये म्हणून लावलेली जाळी. नऊवारी नेसणाऱ्या आजीची नात पाचवारी नेसून सायकलनं कॉलेजात जाऊ लागली. केंब्रिजात जिचा पुतळा टांगला, ती बाई पुण्यात रोज लकडी पूल ओलांडत होती आणि कुणी वळून बघत नव्हतं. वळून बघत नव्हतं हे थोडं जास्तच झालं. बघायचे, शिट्ट्याही मारायचे. पण सायकल थांबत नसे, हे महत्त्वाचं.

हे सगळं सोनेरी करून सांगण्यात अर्थ नाही. सायकल घेणं न परवडणारे होतेच, ते चालत होते. कॅम्प आणि भवानी पेठेतल्या मुसलमान मुली त्या सायकलींच्या ताफ्यात किती होत्या, असं विचारलं तर उत्तर ‘फार थोड्या’ असंच द्यावं लागेल. पण वाट तयार झाली होती. एक पिढी उशिरा त्याही आल्या असत्या. तेवढ्यात रस्ताच गेला.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या आणि विस्थापितांच्या वसाहती शहराच्या कडेला वसल्या. शहर पसरण्याची ती एक मोठी सुरुवात. त्याच दशकात आकुर्डीला स्कूटरचा कारखाना आला, पिंपरी-चिंचवड वाढलं, अंतरं लांबली. १९७२ मध्ये पुण्यातच फिरोदियांची लूना निघाली. लूनाला मी वाईट म्हणणार नाही. पायडलही मारता येणारी, हलकी, पेट्रोल कमी खाणारी ती गाडी कितीतरी नोकरदार बायकांची पहिली गाडी होती. १९८० च्या दशकात गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली आणि कॉलेजच्या मुली सायकलीवरून थेट तिच्यावर गेल्या. तोंडाला स्कार्फ, हातात कोपरापर्यंत मोजे. पुण्याची ही खूण झाली. (डोळ्यांशिवाय सगळं झाकलेल्या त्या हजारो मुलींकडे पाहून या शहरात कुणाला संस्कृतीचा प्रश्न पडला नाही. तोच स्कार्फ गाडीवरून उतरल्यावरही डोक्यावर राहिला, की मात्र पडतो.)

गाड्या वाढल्या, वेग वाढला आणि सायकलवाला रस्त्याच्या कडेला, मग कडेवरून गटाराच्या जाळीवर ढकलला गेला. हे अटळ होतं का? तेच १९७२-७३ साल घ्या. हॉलंडमध्येही तेव्हा मोटारी बोकाळल्या होत्या. एकट्या १९७१ मध्ये तिथं रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळच उभी राहिली. पाठोपाठ तेलाचं संकट आलं. सरकारला रस्ते बदलावे लागले. आज उट्रेख्टच्या विद्यापीठात विद्यार्थी सायकलवर येतात, आणि तिथल्या रेल्वे स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे. डच माणूस जन्मजात सायकलवेडा असतो, असं आपल्याकडं समजतात. तसं काही नाही. लोकांनी मागितलं आणि सरकारनं दिलं. आपण त्याच वर्षी मागितलं नाही, कारण आपल्याला लूना मिळाली होती.

पुण्यानं नंतर प्रयत्न केले नाहीत असंही नाही. २००६ च्या बीआरटीबरोबर सायकलमार्ग रंगवले गेले. त्यावर आधी पथारीवाले बसले, मग चारचाक्या उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये महापालिकेनं सबंध शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच डिसेंबरमध्ये भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली, तीही विद्यापीठाच्या आवारात. मोबाइलनं कुलूप उघडायचं, अर्धा तास फिरवायची. जुन्या भाड्याच्या सायकल-दुकानाचाच हा नवा अवतार. मी एकदा मुद्दाम जाऊन पाहिलं. आत मुलं-मुली मजेत चालवत होती, मुख्य फाटकापाशी येऊन सोडून देत होती. फाटकाबाहेर चौकात न्यायची कुणाची छाती नव्हती. थोड्याच वर्षांत त्या सायकली झाडाखाली गंजताना दिसल्या. २०१८ मध्ये बातमी आली, की पुण्यातल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या छत्तीस लाखांवर गेली, माणसांपेक्षाही जास्त. चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला आणि पुन्हा नवा बांधायला घेतला. गव्हर्नरच्या बग्ग्यांचा रस्ता पुन्हा वाहनांचा झाला, एवढंच. मधली चाळीसेक वर्षं तो विद्यार्थ्यांचा होता.

आता विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची चर्चा जोरात आहे. कॉलेजात समुपदेशक नेमतात, पोस्टरं लागतात, एखादा ‘वेलनेस डे’ होतो. हे सगळं हवंच, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्या चर्चेत रस्ता कुठंच नसतो. स्टॅनफर्डमधल्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. बहुतेक विद्यार्थीच त्यात सहभागी होते. बसलेले असताना आणि चालताना त्यांना नवं काही सुचतं का, हे तपासलं. चालताना सरासरी साठ टक्क्यांनी जास्त सुचलं. ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासून २०१७ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी दाखवलं, की कामावर सायकलनं जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण चाळीसेक टक्क्यांनी कमी आहे. अर्थात तिथली हवा आणि आपल्या चौकातला धूर यांत फरक आहे, आणि निरोगी माणूसच मुळात सायकल चालवतो हेही त्यात आलं. तरी कृषी महाविद्यालयाच्या शेतांपाशी माझं डोकं का हलकं व्हायचं, याचं थोडं उत्तर मला त्यात मिळालं.

मुलींच्या बाबतीत प्रकरण याहून गंभीर आहे. दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थिनींचा अभ्यास गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी केला. मुलांपेक्षा मुली खालच्या दर्जाचं कॉलेज पत्करायला जास्त तयार होतात, कारण तिथं जायचा रस्ता सुरक्षित वाटतो, असं त्यांना आढळलं. गुण आहेत, प्रवेश मिळतोय, तरी मुलगी स्वतःहून माघार घेते. कोंढव्याच्या दस्तरख्वानावर त्या रात्री नेमकं हेच चाललं होतं. उलट बाजूही आहे. बिहार सरकारनं २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण त्यामुळं सुमारे तीस टक्क्यांनी वाढलं, असं मुरलीधरन आणि प्रकाश या संशोधकांनी मोजलं. तमिळनाडूत पुदुकोट्टईला १९९१ च्या साक्षरता मोहिमेत शीला राणी चुंकत या कलेक्टरबाईंनी सायकल शिकणं हा अभ्यासाचाच भाग केला. हजारो बायका शिकल्या, त्यात मुस्लिम बायकाही होत्या. पी. साईनाथांनी त्यावर लिहिलं आहे. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा बायकांनी दांडीच्या मर्दानी सायकली घेतल्या. दांडीवर मूल बसवता येतं, ही त्यातली सोय त्यांना पुरुषांआधी कळली.

हे सगळं मी दुल्हेभाईंना ऐकवलं नाही. आकडेवारी सांगून बापाची भीती जात नाही, आणि ती भीती खोटीही नाही. मी एवढंच म्हणालो, “इतवार को उसकू लेके रस्ता देख के आते.”

त्या रविवारी आम्ही तिघं निघालो. कोंढव्याहून स्वारगेटपर्यंत बस, स्वारगेटहून भुयारातली मेट्रो, शिवाजीनगरला वर. एकच बस झाली, दोन नाही, हे दुल्हेभाईंनी बोटांवर मोजलं. तिथून कॉलेज दोन किलोमीटर. आम्ही चालत गेलो. फूटपाथ तीन ठिकाणी तुटलेला, एका ठिकाणी त्यावर जनरेटर. दुल्हेभाई दर चौकात थांबून इकडं-तिकडं पाहत होते, रात्री दिवे कुठं लागत असतील ते मनात नोंदवत होते. कॉलेजच्या दगडी भिंतीशी आल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. चालायला सव्वीस मिनिटं लागली होती. “सायकल पे दस,” भाची म्हणाली. कुणी काही बोललं नाही.

प्रवेश घेतला. पहिलं सत्र ती चालत गेली. जानेवारीत मी तिला जुन्या बाजारात घेऊन गेलो. तिनं माझ्यापेक्षा बरी घासाघीस केली आणि निळी लेडीज सायकल घेतली, पुढं जाळीची टोपली असलेली. शिवाजीनगरला ओळखीच्या एका पंक्चरवाल्या चाचांच्या दुकानात ती रात्री ठेवते. सकाळी मेट्रोतून उतरते, चाचांना सलाम करते, कुलूप काढते आणि जाते. परीक्षेच्या दिवसांत सूत्रं रस्त्यातच पाठ होतात म्हणाली. सेनापती बापट रस्त्याच्या बाजूला मात्र जात नाही, तिथं बसवाले अंगावर घालतात.

गेल्या आठवड्यात दुल्हेभाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आपाच्या गुडघ्यांचं झालं. मग जरा थांबून म्हणाले, “वो सायकल कू पीछे दिवा बिठाते ना, बॅटरी का. अच्छा वाला कां मिलता?”